आबांची टेप आणि माझी छाती

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मागं हा किस्सा ऐकताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता आणि खापर माझ्यावर फुटलं.

तर मंडळी, माणूस नापास व्हायला हजार कारणं असतात. गणित असतं, इंग्रजी असतं, नशीब असतं. मी श्वास न सोडल्यामुळं नापास झालो. आणि तेही कुठं? लष्करात!

मी तेव्हा अकरावीत होतो, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक. शाहूपुरीत आमचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि माझे वडील, आबा. आबांच्या गळ्यात कायम टेप. आई म्हणायची, लग्नात ह्यांनी हारावरनं टेप घातलेली. मी लष्करी अकादमीची लेखी परीक्षा पास झालो तेव्हा आबा मला एक शब्द बोलले नाहीत. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्यानं विचारलेलं नसताना, आमचा बाळू ऑफिसर होणार म्हणून सांगायचे आणि मगच त्याचं कापड हातात घ्यायचे.

आता राहिली होती अंगाची चाचणी, ती पार पडली की मुलाखत. पळणं, दोर चढणं याची मला चिंता नव्हती, काटक होतो. प्रश्न होता छातीचा. अंगात शर्ट घातला तरी तो हँगरलाच लावल्यासारखा दिसायचा.

म्हणून गेलो गल्लीतल्या तालमीत, वस्तादांकडं. वस्तादांनी जन्मात लष्कर बघितलं नव्हतं. पण कोल्हापुरात वस्तादांना एखादी गोष्ट माहीत नसेल, असं मनात आणायचीसुद्धा पद्धत नाही.

त्यांनी मला सगळीकडून फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मिलिट्रीत छाती बघत्यात. जोर काढायचं, दूध प्यायचं, आन् आजपासनं छाती खाली सोडायची न्हाय. चालताना न्हाय, बसताना न्हाय, जेवताना न्हाय. एकदा सवय लागली की तशीच ऱ्हातीया बघ."

हसू नका. तालमीतली पोरं रस्त्यानं चालताना बघितलीत ना? दोन्ही काखेत कलिंगडं धरल्यासारखी? मग मला त्यात वावगं काय वाटणार?

झालं. त्या दिवशी मी जो श्वास घेतला, तो ठेवूनच दिला. वरच्यावर थोडी थोडी हवा घ्यायची, मूळ साठ्याला हात लावायचा नाही. आता यात अडचण अशी की लांब वाक्य बोलता येत नाही. वर्गात सरांनी इतिहासातलं काही विचारलं. उत्तर मला पाठ होतं, पण मी एका शब्दात दिलं. सरांना वाटलं, लेखी पास झाल्यापासून हे पोरगं माजलं. त्यांनी बाकावर उभं केलं. मी उभा राहिलो, तोही छाती काढूनच. मग काय, पुढचा तासही बाकावरच गेला.

शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं की बाळूच्या पोटात वारा धरलाय. आईनं सकाळ-संध्याकाळ ओवा चारायला सुरुवात केली. नको म्हणायला श्वास खर्च करावा लागला असता, म्हणून मी मुकाट्यानं खात राहिलो. गल्लीत मात्र बातमी झाली की बाळूचं अंग भरलं. लोक सांगायला लागले तसं मलाही ते खरं वाटायला लागलं.

इथं आबांची एक खुबी सांगायला हवी. माप घेताना पुरुष माणूस फुगतो. कितीही साधा असो, छातीला टेप लागली की फुगतोच. त्या मापानं शर्ट शिवला की चार दिवसांत बोंब, शर्ट ढगळ झाला म्हणून. म्हणून आबा टेप लावली की सहज विचारायचे, "काय पावणं, औंदा ऊस कसा हाय?" पावणं उसाचं सांगायला लागले की हवा आपोआप निघून जायची आणि आबा तेवढ्यात खरं माप बघून घ्यायचे.

माझं माप ते दर रविवारी घ्यायचे. मी फुगून उभा. मला मात्र त्यांनी एकदाही उसाचं विचारलं नाही. आकडा बघायचे, 'वाढतीया' म्हणायचे आणि मिशीत हसायचे. त्याच मापानं त्यांनी माझ्या मुलाखतीसाठी पांढरा शर्ट शिवला. दुकानातलं सगळ्यात भारी कापड होतं ते.

चाचणीचा दिवस आला. पळालो झकास, दोर चढलो माकडासारखा. शेवटी डॉक्टर. पुण्याकडचे, मऊ बोलणारे. त्यांनी छातीला टेप लावली आणि म्हणाले, श्वास सोड. मी मनात म्हटलं, हा डाव दिसतोय! तोंडानं नुसतं फू केलं, छाती जागच्या जागी. त्यांनी आकडा टिपला आणि म्हणाले, आता भर.

आता काय भरू? टाकी गळ्यापर्यंत भरलेली. टेप तसूभर हलेना. पुन्हा लावली, पुन्हा तेच. डॉक्टरांनी घाबरून घरात कुणाला दमा आहे का म्हणून विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

मग ते म्हणाले, "बाळ, तुझी छाती केवढी आहे त्याचं आम्हाला काही नाही. रिकामी केवढी आणि भरल्यावर केवढी, त्यातला फरक बघतो आम्ही. तू रिकामी कर."

आणि मला ती रिकामी करता येईना! इतके दिवस कोंबून भरलेलं अंग, भीतीनं आणखीच आवळलं. डॉक्टरांनी बरीच वाट बघितली हो, त्यांचा काही दोष नाही. शेवटी त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पोराला हाक मारली.

तालमीत वस्ताद म्हणाले, पंच फितूर होता. मी तसाच, छाती काढूनच, दुकानात गेलो. आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मशीन थांबवलं. समोर खुंटीला तो पांढरा शर्ट. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. आबा उठले, गळ्यातली टेप काढली आणि माझ्या छातीला लावली. सवयीनं मी आणखी फुगलो.

"काय रं बाळू," त्यांनी सहज विचारलं, "सकाळपासनं काय खाल्लंस का?"

"न्हाय ओ आबा," मी म्हणालो. त्या तीन शब्दांबरोबर सगळं बाहेर आलं. हवा, ऑफिसरकी, रडू, सगळं. आबांच्या हातात टेप सैल पडली.

"फुगतुयास ते ठाऊक हुतं मला," ते म्हणाले.

"मग आदी का न्हाय इचारलंसा?"

आबा जरा वेळ टेप गुंडाळत राहिले. "तू लई खुशीत हुतास. आन् खरं सांगू? मलाबी ते माप आवडलं हुतं."

मग त्यांनी आपला डबा माझ्यापुढं सरकवला, शर्ट उसवला आणि दोन्ही बाजूंनी आत घ्यायला बसले. मी त्यांची भाकरी खात त्यांच्याकडं बघत होतो. इतकं प्रेम मला पुन्हा कधी कुणाचं आलं नाही.

आता दुकान मीच चालवतो, आणि पावण्यांना उसाचं विचारतो. माप कधी चुकत नाही. फक्त एकदाच चुकलं, पोराच्या लग्नात स्वतःसाठी कोट शिवला तेव्हा. स्वतःचं माप स्वतःच घेतलं, मला उसाचं विचारणार कोण? तेव्हा छाती फुगवत होतो, आता पोट आत ओढलं, एवढाच फरक. कोट बसला फर्मास. स्टेजवर फोटोसाठी उभे राहिलो, शेजारी विहीणबाई, समोर फोटोग्राफर. तेवढ्यात आमची मंडळी काळजीनं विचारती झाली, "आवं, सकाळपासनं काय खाल्लासा का?"

मी "न्हाय" म्हणालो, आणि मधलं बटण थेट विहीणबाईंच्या ओटीत.