मॅडमना मेंबर करून घ्या हो!

आमच्या डोंबिवलीच्या ऑफिसात रद्दी विकता येते, पण किस्से कुठे विकायचे? येणारे सगळे सत्तरीच्या पुढचे. कामाचं बोलणं थोडंसं, बाकीचं सगळं आमच्याकडे साठत जातं!

मी दहावी पास, पुढच्या टेबलावर बसते. आमच्या वकील मॅडम वयस्कर माणसांचीच कामं घेतात. मृत्युपत्रं, मुलं सांभाळत नाहीत अशा केसेस. अशी कामं करणाऱ्या वकिलांची ठाण्यात एक संघटना आहे. तिचं मेंबर झालं की वृद्धाश्रमांत जाऊन मोफत सल्ला देता येतो. मॅडमचा सगळा जीव त्यात!

* * *

पहिला अर्ज परत आला. "ऑफिस ज्येष्ठांना सोयीचं नाही." बरोबरच होतं. पहिला मजला, लिफ्ट नाही. मॅडमनी लगेच तळमजल्यावर जागा घेतली. मला वाटलं, सगळे खूश होतील.

कुठलं काय! एक आजोबा रुसूनच बसले. "जिना होता म्हणून आमची ही घरी थांबायची. आता दर वेळी सोबत येईल ना!"

* * *

मग मॅडमनी कागदपत्रं मोठ्या अक्षरांत छापायला सुरुवात केली. ठाकुर्लीच्या एका बाबांचं मृत्युपत्र दोन पानांचं होतं, त्याचं हे भलं मोठं बाड झालं. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.

"मॅडम, एवरी जमीन त आमची कदी नवतीच!"

* * *

अर्जासोबत अशिलाची शिफारस हवी होती. टिटवाळ्याच्या निवृत्त शिक्षिका आजींनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, "मॅडमनी माझ्या मागची सगळी व्यवस्था इतकी सुरेख लावून दिली आहे, की आता जास्त थांबणं बरं दिसत नाही."

मॅडम म्हणाल्या, "अगं, हे पाठवायचं कसं?" पण पाठवलं.

* * *

मृत्युपत्र करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे आधी बघावं लागतं. खोपटच्या एका आजींना मॅडमनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

आजी माझ्याकडे वळल्या. "एवढं तरुण वय आणि आत्तापासून हे? हिला रोज बदाम देत जा गं!"

* * *

संघटनेचं कोणीतरी तपासणीला येणार होतं. कधी, ते माहीत नव्हतं. एके दिवशी मॅडम कल्याण कोर्टात असताना एक आजोबा आले. मुलाने दंडाला धरून आणलेलं.

आमच्याकडे पद्धत आहे, नातेवाइकांना आधी बाहेर काढायचं. म्हणजे माणूस दबावाशिवाय बोलतो.

मुलगा म्हणाला, "अहो ताई, ऐका तरी, आम्ही..."

"आधी बाहेर!" मी दार ओढून घेतलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "आजोबा, घाबरू नका. इथे स्वतःच्या मर्जीने आलात, की कोणी जबरदस्तीने आणलंय?"

त्यांनी शांतपणे खिशातून कार्ड काढलं. संघटनेचे तपासणीवाले वकील!

मॅडमची मेंबरशिप माझ्यामुळे बुडाली! "सर, चुकलं हो माझं. थांबा, तुमच्या मुलाला आत बोलावते."

त्यांनी पटकन माझा हात धरला.

"मेंबरशिप दिली! पण मॅडम येईपर्यंत ते दार उघडू नका."