चोवीस वर्षांच्या काकी

हे मी सुनेला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, मिस्टर होते तेव्हा त्यांनाही नाही. आणि मी तशी पोटात काही न ठेवणारी बाई — लालबागला आमच्या चाळीत कुणालाही विचारा. नळावर उभी राहिले की बादली भरून वाहते तरी माझं बोलणं संपत नाही. पण ही एक गोष्ट पंधरा-सोळा वर्षं तशीच राहिली.

तेव्हा मी रेडिओच्या सर्व्हेचं काम करायची. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून — आणि आता गळ्यात फोटोचं ओळखपत्र. केवढं अप्रूप मला त्याचं. काम असं, की ठरवून दिलेल्या घरात एक छोटी पुस्तिका द्यायची. घरातल्या एका माणसानं आठवडाभर, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकोनात, कुठलं स्टेशन ऐकलं त्याची खूण करायची. पेन्सिलनं, म्हणजे चुकलं तर खोडता येतं. मग मी गोळा करून दादरच्या ऑफिसात नेऊन द्यायची. पुस्तिकेवर नाव नसायचं. घराचा नंबर, बाई की पुरुष, आणि वय. बस.

सगळा खेळ वयाचा. मला आधी वाटायचं, रेडिओ काय, हवेतून येतो, ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावं. तसं नसतं. वयाचे रकाने असतात — पंधरा-सोळाची पोरं एका रकान्यात, वीस ते चौतीस दुसऱ्यात, मग पस्तीसचे, आणि पन्नासच्या वरचे सगळे एका गाठोड्यात. पन्नाशीची बाई आणि नव्वदीची म्हातारी, एकच. कुठल्या रकान्यात किती पुस्तिका हव्यात ते ठरलेलं. आमचा सुपरवायझर माझ्या मुलाएवढा, बोलायला गोड. म्हणायचा, "ताई, आजी-आजोबा पुरे झाले. मला विशी-तिशीतले आणा. मोबाइल कोण बदलतं, शाम्पू कोण बदलतं? जाहिरातवाल्यांना तुमच्या आज्यांचं काय करायचंय?" मी हसायची. मी स्वतः तेव्हा बावन्न वर्षांची होते. त्याच्या लक्षात आलं नाही, मीही आणून दिलं नाही.

कॉटन ग्रीनच्या एका चाळीत शेवंतीकाकी राहायच्या. मालवणकडच्या, वय चौऱ्याहत्तर. मुलगा-सून दिवसभर कामावर. साठीनंतर साक्षरता वर्गात जाऊन लिहा-वाचायला शिकलेल्या. दुपारी दोन ते चार एका स्टेशनवर जुनी गाणी लागायची, मधूनमधून लोकांची पत्रं वाचायचे — त्या वेळी काकी दाराला कडी घालून बसायच्या. आणि त्याच दिवसांत कार्यक्रम बंद होणार अशी कुणकुण होती. निवेदिका स्वतःच एकदा बोलून गेली, की आमचे श्रोते किती उरलेत ते आता मोजणार आहेत. त्यामुळे मी पुस्तिका नेली तेव्हा काकींनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"माका आजवर कोणी काय इचारूक नाय गो," म्हणाल्या. "आता कागदार इचारतत."

आठवड्यानं गेले, तर सातही दिवसांचे दोन ते चारचे चौकोन भरलेले. पेन्सिल एवढी दाबलेली की खुणा मागच्या पानावर उमटल्या होत्या. आणि शेवटी समासात एक ओळ — हा कार्यक्रम चालू ठेवावा ही विनंती. असं काही लिहायची पद्धत नव्हती. मी पुस्तिका पिशवीत ठेवली.

"नीट पोचव हां बाय," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या फेरीत मला विशी-तिशीतली एक पुस्तिका कमी पडली. शिवडीच्या एका मुलीनं तिची हरवून टाकली होती. एक कमी पडली असती तर काय झालं असतं? सुपरवायझर कुरकुरला असता. एखादी गल्ली पुढच्या वेळी दुसऱ्या बाईला दिली असती. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडत नाही.

ऑफिसच्या जिन्यात बसले, गठ्ठा मांडीवर घेऊन. म्हाताऱ्यांच्या रकान्यात एक जास्तच होती. त्यातून काकींचीच का काढली, सांगू? त्यांच्या घरी फोन नव्हता. ऑफिसातून कधी कधी फोन करून खात्री करायचे. काकींना कोण विचारणार होतं?

सात खोडून दोन केला. काकी चोवीस वर्षांच्या झाल्या.

इथेच थांबले असते तर — उलट बरंच झालं असतं, नाही का? तरुण मुलगी जुनी गाणी ऐकते म्हणून त्या कार्यक्रमाची किंमत वाढली असती. पण मला भीती वाटली. चोवीसची पोरगी, आठवडाभर रोज दुपारी जुनी गाणी? कुणाच्याही डोळ्यांवर येईल. म्हणून खुणा खोडल्या. एकेक करत छप्पन्न. त्याऐवजी पोरं ऐकतात ते स्टेशन, संध्याकाळचं, माझ्या मनानं. समासातली ओळ शेवटी. ती पटकन जाईना, रबर दोनदा फिरवावं लागलं.

काही महिन्यांनी कार्यक्रम बंद झाला. त्या दोन ते चारच्या जागी, दोन मुलं रेडिओवरून लोकांना फोन करून फसवायची आणि हसायची, ते सुरू झालं. आता एका पुस्तिकेनं रेडिओ चालत नाही की बंद पडत नाही, एवढं मलाही कळतं. तुम्ही म्हणाल, मग एवढं काय त्यात? थांबा. मी सांगायला बसले ते अजून सांगितलंच नाही.

काकी मला त्यांच्या चाळीखाली भेटल्या. रागावलेल्या नव्हत्या. "गो बाय," म्हणाल्या, "माझा अक्षर वायट. मी लिवलेला तेंका वाचूक गावला नसात."

आणि मी — 'नाही काकी, अक्षर छान होतं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खरंच होतं, आणि त्यानं माझी चोरीही उघडी पडली नसती. पण मला तिथून सुटायचं होतं, आणि वाट त्यांनीच काढून दिली होती. मी म्हणाले, "हो काकी, तसंच असेल. ऑफिसात म्हणत होते, काही पुस्तिका वाचताच आल्या नाहीत." ऑफिसात कुणीही काही म्हणत नव्हतं.

त्यांनी मान हलवली. मग मला एक दुरेघी वही आणायला सांगितली. पुन्हा कुणी विचारायला आलं तर तयारी हवी. मी आणून दिली. दुपारचे दोन वाजले की रेडिओ बंद ठेवून त्या अक्षर गिरवायला बसायच्या. मी गेले की पानं दाखवायच्या. मी म्हणायची, छान. "पुस्तक कधी येतला?" विचारायच्या. मी म्हणायची, येईल.

पुढच्या फेरीच्या पुस्तिका पिशवीत होत्या तेव्हाही मी त्यांच्याकडे चहा प्यायले. दिली नाही. म्हाताऱ्यांचा रकाना भरला होता — नाही, हे खोटं. दोन जागा होत्या. दिली असती तर त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहिली असती, आणि ती मला वाचावी लागली असती. मी पुस्तिका समोरच्या बिऱ्हाडात दिली.

तीनेक वर्षांनी काकी गेल्या. तेराव्याला त्यांची सून कौतुकानं सांगत होती, की आई शेवटपर्यंत म्हणायच्या, माझ्या अक्षरापायी रेडिओवरची गाणी गेली. बसलेले सगळे हसले. मुलगा तिथेच होता, सून होती, दोन वाक्यं पुरली असती. मीही हसले. वाटीतली खीर संपवली आणि घरी आले.