सेकंड शिफ्टची बस आणि आमची उघडी गाडी

आमच्या चिखलीच्या सोसायटीत गाडी आपोआप कधी बिघडत नाही. आधी तिला दुरुस्त करावं लागतं.

त्या दिवशी संध्याकाळी राजगुरुनगरला मेहुणीचा साखरपुडा होता आणि नवरदेवाची अंगठी आमच्या सौ. मंदाच्या पर्समध्ये! म्हणजे आम्ही पोहोचल्याशिवाय तिकडे पान हलणार नव्हतं. नेमकी दुपारीच गाडी कुईकुई करायला लागली. मी मेकॅनिक बाळूशेठना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आवाज येतोय ना? मग गाडी चालू हाय. आवाज बंद झाला की आणा!"

"ऐकलंत ना? चला आता," मंदा म्हणाली. पण इतक्या साध्या सल्ल्यावर विश्वास ठेवायला आम्ही काय पुण्यात राहतो? इथं कारखान्यांच्या पट्ट्यात घरटी एक माणूस गाडीच्या कंपनीत!

तेवढ्यात शेजारचे जाधव आले. ते ब्रेकच्या कंपनीत. त्यांनी बॉनेटला कान लावला (गाडी बंद होती!) आणि निदान केलं, "राव, ब्रेकच आहे हा."

वरच्या मजल्यावरचे मुंढे क्लचच्या कंपनीत. ते जिन्यातूनच ओरडले, "ब्रेक कशाचा? क्लच हाय भाऊ, लिहून घ्या!"

(आमच्याकडे ज्याच्या कंपनीत जो भाग बनतो, तोच भाग साऱ्या जगात बिघडतो.)

दोघांची जुंपली. तेव्हा ज्यांच्या शेतात आमची सोसायटी उभी आहे, ते कुदळेकाका पान्हा घेऊन आले. "भांडताय कशापायी? खोलून बघा की! आमी आमचा ट्रॅक्टर आसाच खोलला व्हता."

"मग?" मी विचारलं.

"मग नवा घ्येतला."

हे ऐकूनही मी हो म्हटलं! बघता बघता पुढचं चाक निघालं, मग आणखी काहीबाही निघालं आणि रुखवत मांडावं तसे नटबोल्ट सतरंजीवर मांडले गेले. एवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. सेकंड शिफ्टची बस! दोघांच्या कंपन्या वेगळ्या, पण चाकणची बस एकच. जाधवांनी पान्हा टाकला, मुंढ्यांनी चाक सोडलं. "भाऊ, लेट मार्क लागेल! आल्यावर बसवतो!"

मी हातात नटबोल्ट घेऊन उभा. मंदा मात्र भरजरी साडी सावरत धावली आणि थेट बसमध्ये चढली! मागोमाग मी. ड्रायव्हरला दया आली. चाकणपर्यंत युनिफॉर्ममधली अख्खी बस आमच्या गाडीवर चर्चा करत होती. मागच्या सीटचं मत सायलेन्सर, पुढच्या सीटचं बेअरिंग. मंदा दर दोन मिनिटांनी पर्स उघडून अंगठी तपासत होती.

चाकणहून रिक्षा केली. अंगठी वेळेत नवरदेवाच्या बोटात गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग सासरेबुवांनी अभिमानानं माझी ओळख करून दिली, "हे आमचे थोरले जावई. मोटारीच्या कंपनीत असतात!"

नवरदेवाचे वडील खूश झाले. "वा! मग आमच्या गाडीची जरा खडखड होतेय, बघता का पाव्हणं?"

मी बाह्या सरसावल्या.

"अहो, हात लावू नका!" मंदा ओरडली. "त्यांना आज घरी जायचंय!"

सगळा हॉल हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मोटारीच्या कंपनीत मी फक्त हिशेब बघतो आणि बॉनेट नक्की कुठून उघडतं हे मला अजून माहीत नाही, ते त्या हशात खपून गेलं!