हीटरमधून गार हवा

रेवती मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे थर्मोस्टॅट तपासायची. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातली लहानशी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि तापलं की वाट मोकळी करते. तयार माल गरम पाण्यात बुडवायचा आणि झडप वेळेवर उघडते का ते बघायचं, हे तिचं काम. लग्न करून पुण्याहून गुडगावला आली तेव्हा नवरा, सुयश, तिला चिडवायचा, "यार, तू पाणी उकळायचा पगार घेतेस."

सुयश दिल्लीतच वाढलेला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे बालपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील वारल्यावर आई, कुमुदिनीबाई, त्याच्याकडे राहायला आल्या. आयटीतल्या नोकरीला कंटाळून, सुट्ट्यांत भटकायला म्हणून त्याने एक जुनी डिझेल मिनीबस घेतली आणि सुतार-वेल्डर गाठून तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, ओटा, बेसिन. पडदे कुमुदिनीबाईंनी शिवले.

उन्हाळ्यात जयपूरच्या रस्त्याला गाडी तापली. कशीबशी मानेसरच्या एका गॅरेजपर्यंत आणली. मिस्त्रीचं नाव द्वारका. या इंजिनाला थर्मोस्टॅट दोन होते. त्याने बघितलं आणि म्हणाला, "दोनों थर्मोस्टॅट निकाल देता हूँ. दिल्ली की गर्मी में इनका काम ही क्या है?"

"अरे, रेडिएटर चोंदलाय, तो साफ करायला हवा," रेवती सुयशला म्हणाली. "थर्मोस्टॅट काढून रोग बरा होत नाही."

"बिल्कुल मान्य. पण आत्ता घरी तर पोचू. थंडीआधी नवे बसवू."

गाडी नंतर तापली नाही, आणि न तापणाऱ्या गाडीची आठवण कोणाला राहते? रेवतीने नवी जोडी आणून माळ्यावर ठेवली. कधी तिचं ऑडिट, कधी त्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज. दिवाळी गेली, धुक्याचे दिवस आले. झडपा खोक्यातच राहिल्या.

जानेवारीत दोघं हिमाचलात नारकंड्याला बर्फ बघायला गेले. चढावर हीटर कोमट वारा फेकत होता, तोवर चाललं. मुक्कामाला थांबल्यावर झोपण्यापूर्वी गाडी ऊबदार करावी म्हणून सुयशने इंजिन चालू ठेवलं. पण झडपाच नव्हत्या. सगळं पाणी रेडिएटरमधून फिरून थंड होत होतं. इंजिन तापेना आणि हीटरमधून निव्वळ गार हवा येत राहिली. शेवटी सुयश शेजारच्या ढाब्यावरून कोळशाची अंगीठी घेऊन आला. रेवतीने खिडकी बोटभर उघडी ठेवली. नंतर कधीतरी गारठ्यामुळे त्याने ती लावून घेतली असावी.

सकाळी रेवतीला जाग आली तेव्हा डोकं फुटत होतं आणि पाय उचलत नव्हते. ती दाराच्या बाजूला झोपली होती, तिथल्या रबराला फट होती. डॉक्टर नंतर म्हणाले, कोळशाचा विषारी वायू आत कोंडला होता, त्या फटीने तुम्हाला वाचवलं. सरपटत तिने दार उघडलं आणि सुयशला हाका मारल्या. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तो उठला नाही.

तेरावा झाल्यावर कुमुदिनीबाईंनी विचारलं, "हीटर असताना शेगडी कशाला आणली?"

रेवतीने सगळं सांगितलं. माळ्यावरच्या खोक्यासकट.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो आई."

"त्याला नव्हतं कळत. तुझं तर कामच ते."

त्याच आठवड्यात कुमुदिनीबाई पुण्याला लेकीकडे गेल्या. स्टेशनवर रेवतीने बॅग उचलली, तर त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

गाडी सोसायटीच्या मागे उभी होती. दहा वर्षं भरत आल्यामुळे ती डिझेल गाडी नियमाप्रमाणे दिल्ली परिसरात फार दिवस ठेवता येणार नव्हती. देहरादूनच्या एका जोडप्याने फोटो बघून ती घ्यायची ठरवली. रेवती त्यांना म्हणाली, आठ दिवस द्या, काम बाकी आहे.

ती गाडी घेऊन द्वारकाकडेच गेली. त्याने हसून विचारलं, "फिर गरम तो नहीं हुई?"

"नहीं. ठंडी रही." मग तिने काय झालं ते सांगितलं.

द्वारका खाली बसला. बराच वेळ हातातला पाना नुसता फिरवत राहिला. "गर्मी में सब निकलवाते हैं, मैडम," एवढंच म्हणाला.

रेवतीने बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून गंजकं पाणी काढलं, रेडिएटर उतरवून धुतला, फुगलेले रबरी होस आणि गळका वॉटर पंप बदलला. झडपांच्या जागेवरचं जुनं गॅस्केट तिने स्वतः खरवडलं. झडपा बसवल्या, कूलंट भरलं, अडकलेली हवा काढली. इंजिन सुरू केल्यावर वरचा होस बराच वेळ गार राहिला आणि मग एकदम तापला. झडपा उघडल्या होत्या. हीटरमधून चांगली गरम हवा यायला लागली. ती तोंडावर आली तशी रेवतीने हीटर बंद केला आणि गाडीतून उतरली.

देहरादूनचं जोडपं आलं. बाईंनी पडद्यांवरून हात फिरवला, म्हणाल्या, फार सुंदर शिवलेत. त्यांना काही न सांगता किल्ली देता आली असती. पण रेवतीने सांगितलं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि माफी मागून निघून गेले. पुढे आणखी एक-दोघांना सांगितलं, तेही परतले. अखेर गाडी भंगारात गेली. तिथल्या माणसाने इंजिन किती चाललंय तेही विचारलं नाही.

रेवतीने कारखान्यात बदली मागितली. आता ती खरेदी विभागात बसते.

पावसाळ्यात एकदा कुमुदिनीबाईंचा फोन आला.

"गाडी विकली का?"

"भंगारात दिली, आई. दुरुस्त करून घेतली होती, पण कोणी घेतली नाही."

"हीटर चालत होता?"

"हो. चालत होता."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. रेवती दर रविवारी करते. नणंद उचलते, आईची तब्येत सांगते, आणि म्हणते, ती आत्ता झोपली आहे.