बस सुटल्यावर पुढं काय

एका बाईची काळजी जन्मभर वाहायची, आणि ती बाई पुस्तकातली, हे आमच्या विहीणबाईंनाच जमावं. सोलापूर जिल्ह्यात असं दुसरं माणूस कुणी दाखवलं तर मी त्याच्या घरी पाणी भरीन. ती एक जुनी, नावाजलेली कादंबरी आहे. सगळ्यांनी वाचली म्हणतात, मी सोडून. थोरली सून नवऱ्याशी बिनसून माहेरी जाते, दोन वर्षं राहते, आणि शेवटच्या पानावर ट्रंक घेऊन परत सासरी निघते. बस सुटते आणि पुस्तक संपतं. ती पोचली का, दार कुणी उघडलं, हे लेखकानं लिहिलं नाही, आणि कुणी विचारायच्या आत तो बिचारा वारला. विहीणबाईंनी ते शेवटचं पान तीनदा चिकटवलंय. माणूस नवा भेटला की त्याला आधी गोष्ट सांगायची आणि मग विचारायचं, "बस सुटली. पुढं काय झालं असंल?" माझ्या लेकीला बघायला आल्या तेव्हा भाकरी येते का, शिवण येतं का, काही नाही, हेच विचारलं. लेक म्हणाली, "तिकीट काढलं असंल की." विहीणबाई पोट धरून हसल्या आणि सोयरीक जमली. डोळ्याच्या ऑपरेशनला टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, डोळा हलवू नका. नवऱ्यानं दुसरी केली असेल." त्या डॉक्टरांनी दिलेले थेंब घालून घेताना त्या रोज तोंड वाकडं करायच्या.

तर यंदा कुणा दुसऱ्याच लेखकानं त्या कादंबरीचा पुढचा भाग लिहिला. लेक बालवाडीत शिकवते, तिनं कुठल्याशा प्रदर्शनातून सासूसाठी आणला. विहीणबाईंनी तो चार दिवस पिठाच्या डब्यावर ठेवला, हात लावला नाही. "परक्याला काय ठाव तिचं?" असं म्हणायचं, आणि भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघायचं. त्या नादात भाकऱ्या मात्र करपल्या. मी लेकीकडे गेलो होतो, सहज बोलून गेलो की आमच्या चादरीच्या कारखान्यात एका पाळीची अर्धी चादर दुसऱ्या पाळीचा माणूस पुरी करतो, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. पण मी नुसतं बोट फिरवून सांगत असे, इथं हात बदलला. विहीणबाई म्हणाल्या, "मग ह्याच्यावर फिरवा की बोट." तेवढ्यात ते डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठ दिवस डोळ्यांपुढं अक्षर धरायचं नाही म्हणून सांगितलेलं. लेक म्हणाली, "अण्णा, तुमीच वाचून दाखवा दुपारचं. तुमाला तरी काय काम हाय?"

आता मी चौथी शिकलेला. जोडाक्षर आलं की मला घाम फुटतो. पण विहिणीसमोर येत नाही म्हणायचं? त्यापेक्षा मी मंद्रूपपर्यंत अनवाणी चालत गेलो असतो. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली, आत पलंगावर डोळे झाकून विहीणबाई, आणि सुरुवात केली. व्याह्यानं विहिणीपुढं ठेवायची अदब ठेवून दिवसाला तीन पानं. मी अडलो की त्या गप्प राहायच्या, मला अक्षर शोधायला वेळ द्यायच्या. लेखकाला मात्र सोडायच्या नाहीत. "ती असं बोलणार न्हाय. व्हा पुढं." "भाजीत गूळ? कुटल्या गावची म्हणायची ही?" आणि मधेच, घाबरल्यासारखं, "बस कुटवर आली ओ?"

पाचव्या दिवशी बस स्टँडात शिरली. विहीणबाई पलंगावर उठून बसल्या, पदर सारखा केला, जणू त्याच उतरणार होत्या. माझी नजर दोन ओळी पुढं गेली. त्या लेखकानं लिहिलं होतं, न्यायला कुणी आलं नाही; ती तासभर बाकावर बसली आणि त्याच बसनं माघारी गेली. मी थांबलो. आत बघितलं. मग वाचलं, की नवरा स्टँडवर उभा होता. आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन जात होता. त्यानं तिच्या हातातली ट्रंक घेतली, बोलला काही नाही, पुढं चालायला लागला. पण ती मागं पडू नये म्हणून सावकाश चालत होता.

विहीणबाई पलंगावर परत आडव्या झाल्या.

"अण्णा."

"काय?"

"पाच दिवस एकेका अक्षराला धडपडताय. आत्ता लई सरसर आलं की."

"उजेड बरा पडलाय," मी म्हणालो.

"व्हय, उजेडच." डोळे झाकलेलेच होते. "मी पण गेले होते माहेरी, वैरागला, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. परत आले तवा स्टँडवर कुणी नव्हतं. ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आले. ह्यांनी दार उघडलं, म्हणाले, जेवलीस का. तेवढंच. त्यावर चाळीस वर्षं काढली. चांगलं केलं का चुकलं, ते कुणाला विचारायचं? म्हणून तिचं विचारत बसते."

आमचे व्याही जाऊन आता सहा वर्षं झाली. गरीब स्वभावाचा माणूस, कमी बोलणारा. मी पुस्तक परत डोळ्यांपुढं धरलं. "पुढं वाचू का?" म्हणालो.

"वाचा. त्यानं ट्रंक घेतली न्हवं? तिथनं वाचा."

तिथनं मी अजून वाचतोय. डोळे कधीचेच बरे झाले, पण विहीणबाई ते पुस्तक स्वतः उघडत नाहीत. मी गेलो की माझ्या हातात देतात, आणि मी एकाच पानाकडे बघत त्या बाईचा संसार सांगतो. खरं पुस्तक मी एकदा घरी नेऊन शेवटापर्यंत वाचलं, बोट ठेवून ठेवून, महिना लागला. कुणाला सांगितलं नाही. परवा चहा देता देता त्या हळूच म्हणाल्या, "अण्णा, खरं सांगा, त्यानं काय लिहिलं होतं ओ?"

मी म्हणालो, "मला कुठं एवढं वाचता येतं, विहीणबाई."

असं मी उभ्या जन्मात कुणापुढं कबूल केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगल्या झालेल्या डोळ्यांनी, आणि बशीत आणखी चहा ओतला.