फेकायचं नाही, फक्त दिसायचं
मी भाला फेकायचे. फरीदाबादला बाबांच्या कारखान्यामागे एक ओसाड मैदान होतं, तिथे सराव चालायचा. ओळखीच्या मराठी घरांत माझं हे वेड कुणाला फारसं रुचत नव्हतं. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहणारी मावशी तर दर भेटीत विचारायची, अजून ते चालूच आहे का?

एका राज्य स्पर्धेत कुणीतरी माझा फोटो काढला. हात मागे ताणलेला, वेणी सुटलेली. तो इंटरनेटवर चढला आणि आठवडाभरात इतका फिरला, की कारखान्यातल्या लोकांनी तो बाबांनाच दाखवला. डोळे, केस, कंबर, सगळ्यावर लोकांनी लिहिलं होतं. त्या स्पर्धेत मी चौथी आले होते. भाला किती लांब गेला, हे मात्र एकानेही विचारलं नव्हतं.

मावशीचा फोन आला. आता खेळ पुरे, नाहीतर स्थळं येणार नाहीत, असं तिचं म्हणणं. आई शांतपणे म्हणाली, "फोटो दुसऱ्याने काढलाय. खेळ तिचा आहे. तो तिने का सोडायचा?"

मग गुडगावच्या एका बिल्डरने नव्या सोसायटीच्या जाहिरातीसाठी भाला घेऊन बांधकामाच्या जागेवर बोलावलं. नाव होईल, चांगले बूट मिळतील, म्हणून कोच सर मला घेऊन गेले. फोटोग्राफरने केस मोकळे सोडायला सांगितले. मी विचारलं, पळत येऊन फेकू का?

"फेंकना नहीं है मॅडम, बस दिखना है."

मी केसांचा घट्ट अंबाडा बांधला. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कुणी नाही ना, हे दोनदा पाहिलं. आणि धावत येऊन भाला सोडला. होणाऱ्या स्विमिंग पूलची पाटी ओलांडून तो पलीकडच्या उकरलेल्या मातीत रुतला. मॅनेजर भडकला. आम्ही रिकाम्या हाती परतलो. बसमध्ये कोच सर बराच वेळ धुसफुसत होते. फरीदाबादच्या अलीकडे बदरपूर आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फेंका अच्छा था."

त्यानंतर मी आईला कॅमेरा धरायला लावला आणि पाठीमागून माझ्या फेकीचा व्हिडिओ काढून स्वतःच इंटरनेटवर टाकला. बघणारे थोडेच. त्यातल्या एकाने लिहिलं, चेहरा कुठाय? दुसऱ्या कुणी अनोळखी माणसाने लिहिलं, तुमचा डावा पाय उशिरा टेकतोय, तिथे जोर वाया जातो. ते वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सराव फक्त डाव्या पायाचा.

पुढच्या हंगामात राज्य स्पर्धेत दुसरी आले. त्यानंतर खांदा साथ देत होता तोवर फेकत राहिले. डॉक्टरांनी बस म्हटल्यावरही एक स्पर्धा खेळलेच.