जोडीचा फोटो

या सदरातले अनुभव मी आजवर हसत हसत वाचत आलोय, हे आधीच कबूल करतो. भूत, करणी, अंगात येणं... कशावरच विश्वास नव्हता. मयताचे शेवटचे फोटो काढायला स्मशानात जाऊन आलोय आणि घरी येऊन रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्लीय. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही. मीही हसलो असतो.

रामनगरात बाजारापासून आत एका गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, उळवीच्या जत्रेत स्टॉल हे चालूच असतं, पण बारमाही काम म्हणजे जोडीचा फोटो. आई-वडील दोघं गेले की पोरं दोन वेगवेगळे फोटो घेऊन येतात, एक रेशनकार्डावरचा, एक कुणाच्या तरी लग्नात मागे उभा राहिलेला. मी दोघांना कॉम्प्युटरवर शेजारी बसवतो. म्हाताऱ्याला कोट चढवतो, म्हातारीचं कुंकू ठळक करतो, फ्रेम घालून देतो. सुप्याच्या धरणात गाव गेलेली कितीतरी माणसं हयातीत कधी एका फोटोत आली नाहीत, ती माझ्यामुळे भिंतीवर शेजारी बसलीत. याचा मला अभिमान होता.

जगलबेटच्या बाजूला माझा शाळासोबती अनिल राहतो. पुण्याकडे कारखान्यात होता, तिथं कामाला आलेल्या कोरियन मुलीशी लग्न केलं आणि सहा वर्षांपूर्वी तिला घेऊन गावी शेतीवर आला. तिचं नाव जिऊ. आम्ही सगळे जिऊवैनी म्हणतो. पहिलं वर्ष लोक तिला बघायला निमित्त काढून जायचे, दुसऱ्या वर्षापासून जेवायला जायला लागले!

मराठी ती सासूकडून शिकली, म्हणजे अस्सल आमच्याकडची. दारात माणूस दिसला की पहिला प्रश्न, "जेवलासा काय?" मी एकदा म्हटलं, वैनी, हे आमच्याकडचं बरं उचललंत. तर म्हणाली, "आमच्यातबी हेच इचारत्यात, दादा." बुटकं टेबल मांडून सगळ्यांना जमिनीवर बसवायची. अनिलच्या आईनं, म्हणजे आमच्या मावशींनी, चमचा उचलल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. दुसऱ्याचा ग्लास भरायचा तो दोन्ही हातांनी बाटली धरून. आंबवलेल्या कोबीची लालभडक किमची आमच्या लोणच्याच्या बरणीत घालून ठेवलेली असायची. महिन्यातून दोनदा तरी मी काहीतरी काम काढून तिकडं जायचो. बायको म्हणायची, पासपोर्ट काढून ठेवा एकदाचा.

वर्षातून एकदा वैनी तिच्या आईला जेवू घालायची. आपल्या श्राद्धासारखंच, तिथीवर. भात, सूप, अख्खा मासा, तळलेल्या भाज्या, फळं, थोडी दारू. तिखट मात्र चिमूटभरही नाही. लाल तिखट असलं तर गेलेलं माणूस उंबरा ओलांडत नाही म्हणे. भातात चमचा उभा खोवायचा, दार ओढायचं आणि सगळ्यांनी बाहेर थांबायचं. पाहुण्याला निवांत जेवू द्यायचं! आम्ही इकडे कावळ्याची मनधरणी करत उन्हात ताटकळतो, त्यापेक्षा मला हे फार आवडलं होतं.

गेल्या वर्षी त्या दिवसाच्या आठवडाभर आधी अनिल दुकानात आला. वैनीच्या आईचा लहानसा फोटो होता, फ्रेमसकट. म्हणाला, "हिला मोठी करून दे रे. जिऊला तेवढंच बरं वाटंल."

फ्रेम उघडली तर आतला फोटो मधोमध दुमडलेला. मागच्या अर्ध्या भागात एक पुरुष. तिचा बाप, दुसरं कोण असणार? फ्रेम लहान पडली म्हणून दुमडला असेल, असं मी ठरवूनच टाकलं. फोन करून विचारावं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. तीस वर्षं जोड्या लावणारा माणूस मी, जोडी फोडायची म्हटल्यावर माझा हातच चालेना. म्हटलं, वैनीला चकित करू. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता आणि दुमड नेमकी त्या हातावरून गेलेली. बोटं पार झिजली होती. ती मी एकेक करून नव्यानं काढली... दोन दिवस खपून.

त्या दिवशी वाटेत ट्रक आडवा झाला म्हणून मला पोचायला दुपारचे साडेबारा झाले. वैनीचा वाकून नमस्कार फोनमधल्या फोटोसमोर उरकला होता, चमचा भातात उभा होता. "दादा, फोटू लावा आन् बिगी बिगी भाईर या," म्हणत ती हात धुवायला परसात गेली. मी कागद सोडून फ्रेम ताटामागे टेकवली. ग्लास एकच भरलेला होता. माणसं दोन, ग्लास एक, बरं दिसतं का? मी फडताळातून दुसरा काढला, वैनीनं शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी बाटली धरून भरला, त्या माणसापुढं ठेवला आणि दार ओढून घेतलं.

पडवीत आम्ही चौघं, अनिल, मावशी, वैनी आणि मी. आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मांजर शिरलं वाटतं. वैनी हसली. "आई हाय." तिचा चेहरा इतका निवलेला मी कधी बघितला नव्हता.

मग ग्लास टेबलावर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. वैनीचं हसू गेलं.

"दादा," तिनं हळूच विचारलं, "आत किती ग्लास ठेवलासा?"

"दोन."

"दोन कशाला? फोटूत कोण हाय?"

मी उत्तर देण्याआधीच आत टेबल उलथलं. भांडी भिंतीवर जाऊन फुटली. मग सणसणीत कानफटात मारल्याचा आवाज. दुसरा. तिसरा. आणि एका बाईचं तोंड दाबून कण्हणं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बायका कण्हतात ना, तसं... वैनी तिच्या भाषेत किंचाळली आणि दार ढकलून आत धावली.

आम्ही मागोमाग शिरलो. खोलीत कुणीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. दारूचा भपकारा मात्र होता. वैनी कोपऱ्यात जाऊन कुणालातरी अंगाखाली घेतल्यासारखी ओणवी झाली होती. तेवढ्यात तिची मान झटक्यानं मागे गेली, केस ताठ ओढले गेले आणि ती फरपटत भिंतीकडं निघाली. डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. ओठ फाटून रक्त आलं. अनिल मध्ये पडला तर दारापर्यंत उडाला. मी तिचे हात धरले आणि माझ्या बरगडीत लाथ बसली. लाथच होती, टाच मला नीट कळली. दुसरी तोंडावर आली, पुढचा दात तुटून जिभेवर पडला. मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशी स्वयंपाकघरातून तिखटाचा डबा घेऊन आल्या. बाई पंच्याहत्तरीच्या. उंबऱ्यात उभ्या राहून मुठीमुठीनं तिखट फेकायला लागल्या. "माझ्या घरात माझ्या सुनंवर हात उचलतोस व्हय रं मुडद्या! चल नीघ!"

वैनी रक्ताळल्या तोंडानं सासूला ओरडून सांगत होती, "अत्ती, नगं! आईबी हाय! आई हाय आत!"

पण तोवर डबा रिकामा झाला होता. सगळं थांबलं. आम्ही खोकत, डोळे चोळत बसलो.

दवाखान्यात वैनीच्या ओठाला टाके पडले. माझ्या दोन बरगड्यांना तडे. डॉक्टरांनी अनिलकडं ज्या नजरेनं बघितलं, ती त्याला अजून लागून राहिलीय.

चार दिवसांनी मी माफी मागायला गेलो. वैनी रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिनं सांगितलं, आई जिन्यावरून पडून गेली असं बापानं लोकांना सांगितलं होतं. दोन वर्षांनी तोही दारूनं गेला. तिनं त्याच्या नावानं कधी पाणीसुद्धा ठेवलं नाही. "आईला घिऊन मी हितवर पळून आले, दादा. त्याला ह्ये ठिकाण ठावं न्हवतं."

आता तुमच्यातले काही म्हणतील वारा, माकडं, मनाचे खेळ. म्हणा. मीही महिनाभर तेच म्हणून बघितलं. पण वाऱ्याला टाच नसते, आणि दाताच्या जागी बसवलेली कवळी रोज सकाळी हातात घ्यावी लागते. या सगळ्याचा अर्थ मला आजही लावता येत नाही.

यंदा त्याच तिथीला वैनीनं मला पुन्हा जेवायला बोलावलं. मी नुसत्या आईचा फोटो करून नेला होता. तिनं तो पदरानं पुसला, खूप वेळ बघितला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. आम्हाला आग्रह करकरून वाढलं, मासा, भात, सगळं. आतल्या खोलीत मात्र ताट नव्हतं.

"वैनी, आईचं पान?" मी विचारलं.

"तिला बोलवलं की त्यो मागनं येतोय. घर गावलंय न्हवं त्याला आता." ती माझ्या ताटात भात वाढत राहिली. "ऱ्हाऊ दे उपाशी. मार तर खायाला लागत न्हाई."